जावेचा रिपोर्ट

"मूठ मिटून ठेव. मुंगी चावल्यासारखं होईल, बस्स!" नर्स पुतणीला म्हणाली.

दवाखान्यात नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांची कोलेस्टेरॉल तपासणी चालली होती. पुतणी गुटगुटीत, शीर सापडेना. नर्सच्या लेकीचा हात काडीसारखा; तिचं रक्त मघाशीच चुटकीसरशी घेऊन झालं होतं.

"वाईट नाही ना काही निघणार, ताई?" धाकट्या जावेनं विचारलं.

"येता-जाता तळलेलं चारतेस. बघू आता."

एकाच घरात राहून नर्सला जावेचं सगळं खुपायचं. तिचं खळखळून हसणं, तिच्या हाताची चव. पोटची लेकसुद्धा शाळेतून आली की आधी काकूच्याच गळ्यात पडायची. निदान हा कागद तरी आपल्या बाजूनं बोलेल, असं तिला वाटत होतं.

सोमवारी रिपोर्ट आले. पुतणीचा अगदी स्वच्छ. लेकीचा डॉक्टरांनी दोनदा वाचला.

"एवढं जास्त नुसत्या खाण्यानं होत नाही. बहुतेक घराण्यातून आलंय. माहेरी कुणाला कमी वयात हार्ट अटॅक?"

"वडील गेले. एक्केचाळिसाव्या वर्षी."

"मग पोरीचं पुन्हा तपासू, तुमचंही बघू. घाबरू नका, वेळेत कळलंय."

पुतणीचा रिपोर्ट नर्सनं पर्समध्ये कोंबला. घरी जावेला म्हणाली, "अजून आले नाहीत."

जावेनं धास्ती घेतली. पोरीचं खाणं निम्म्यावर आणलं. गुरुवारी संध्याकाळी पुतणी रिकाम्या ताटापुढे मुसमुसत होती आणि नर्सची लेक काकूची नजर चुकवून आपले घास तिच्या ताटात सरकवत होती.

नर्सला ते बघवेना. तिनं कागद आणून जावेपुढे ठेवला.

"हिचं सगळं नॉर्मल आहे. सोमवारीच कळलं. वाईट माझ्या पोरीचं निघालंय. तुझं चांगलं झालेलं... मला सोसलं नाही गं."

जावेनं तारीख वाचली.

"तीन रात्री पोर अर्धपोटी झोपली, ताई," एवढंच म्हणाली आणि पोरीला वाढायला वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नर्सशी अवाक्षर बोलली नाही. पण मायलेकी फेरतपासणीला निघाल्या, तेव्हा चपला घालून दारात उभी होती.

बसमध्ये लेक काकूला बिलगून बसली. मागच्या सीटवरून नर्स बघत राहिली. तिनं लेकीला आपल्याकडे बोलावलं नाही.