लाल दोर माझ्या हातात

सगळ्यात आधी सांगते, लाल दोर माझ्याच हातात होता. हिल्ट्रुड मावशीनेच दिला होता, तोही आमचा हवाई फुगा भर उड्डाणात असताना! "गेसा, पंधराची झालीस ना? मग मी सांगितलं की ओढायचा. एकदाच. ओढला की फुग्याच्या पोटातला वायू भसकन बाहेर, परत वर जायचं नाव नाही."

म्हणजे जमिनीला टेकल्यावर ओढला तर उत्तम. झाडाच्या शेंड्यावर ओढला तर हातपाय मोडणार.

आता जमीन कुठे होती, हे कुणाला माहीत! लिंगेन गावाच्या पुढे धुकं असं दाटलं की मला माझेच बूट दिसेनात. उंची दाखवणारा काटा म्हणत होता, साठ मीटर, पण तो नेहमी जास्तच दाखवायचा. खालून गाय हंबरली ती अगदी कानाशी. आणि उजवीकडे विजेच्या तारा गुणगुणत होत्या. की डावीकडे?

"डावीकडे," मावशी म्हणाली.

"आत्ताच तर उजवीकडे म्हणालीस!"

"आत्ता आपण फिरलो ना, शहाणे!"

तारांना टेकलो असतो तर हायड्रोजनचा फुगा, विषयच संपला. त्यामुळे उतरायचं होतं ते लगेच. मावशीने झडप उघडून वायू सोडला. आम्ही खाली जायला लागलो. निदान पोटात तसं वाटलं.

खाली काय आहे ते कळायला आमच्याकडे एकच जुनी रीत: मूठभर वाळू टाकायची आणि कान द्यायचा. तळं असेल तर चुबुक, शेत असेल तर काहीच नाही. गंमत अशी की वाळू टाकली की फुगा हलका होतो आणि वर जातो. म्हणजे खालचं कळावं म्हणून जे करायचं, त्यानेच खालचं लांब जातं!

मी मूठ टाकली. सळसळ झाली. पानं!

तेवढ्यात आम्ही उभ्या होतो त्या टोपलीला खालून धक्का बसला.

"ओढ!" मावशी ओरडली.

"झाड आहे!"

"गेसा, ओढ!"

मी नाही ओढला. आणि मुठीएवढी वाळू कमी झालेला तो फुगा आम्हाला घेऊन परत वर! तारांची गुणगुण एकदम मोठी झाली.

"कार्टे, मारशील दोघींना!" मावशीने पुन्हा झडप उघडली.

पुन्हा खाली. पुन्हा सळसळ, पुन्हा धक्का. कान म्हणत होते झाड, मावशी म्हणत होती जमीन, काटा अजून पन्नासावरच. मी डोळे मिटले आणि टोपलीबाहेर हात काढला. हाताला लांब, खरखरीत पान लागलं, त्याच्या बुडाशी जाडजूड कणीस. मका! ओकच्या झाडाला कुठून येणार कणीस?

दोन्ही हातांनी दोर ओढला.

वर काहीतरी फाटल्याचा आवाज झाला, टोपली मका चिरडत खाली बसली, मग आडवी पडली, आणि मावशी माझ्या अंगावर.

"आता बाहेर येऊ?" मी विचारलं.

"मी सांगितल्याशिवाय हलायचं नाही." मग हळूच म्हणाली, "पहिल्या धक्क्याला ना, मलाही झाडच वाटलं होतं."

"मग ओढ का म्हणालीस?"

"ते मलाही कळलं नाही गं."