तारेखाली कौतिका

हस्ताचा पाऊस पहाटे थांबला. पूर्णेकाठच्या काळ्याभोर रानावर ऊन उतरलं. कोवळं, केशरी, ओलेतं. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, पानापानावर थेंब थरथरले. काल उमललेली पिवळी फुलं आज गुलाबी झाली, आज उमललेली पिवळी आपल्या पाळीची वाट पाहत राहिली. कासारखेडच्या शिवारात सकाळ अशी पायरीपायरीने चढत होती.

आणि त्या हरित-गुलाबी विस्तारावरून तीन तारा गेल्या होत्या. विजेच्या तारा, उत्तरेच्या विहिरीकडे जाणाऱ्या. करड्या, कृश, आकाशात विरघळणाऱ्या. ऊन समोर असलं की त्या नसल्यासारख्याच. दिसायचे ते त्यांच्यावर बसलेले कोतवाल पक्षी: कृष्णतेजाचे, दुभंगल्या शेपटीचे, पंधरा-वीसजण ओळीने बसून पऱ्हाटीतले किडे टिपणारे. तारेला जो काही रंग होता तो त्यांचाच होता.

पूर्वेच्या बांधावर कौतिकाबाई तायडे उभी राहायची. हातात दोन पुरुष उंचीचा बांबू, बांबूला पांढरं फडकं. बोंडअळीवर फवारणी करणारं पिवळं विमान त्या फडक्यावर नेम धरून यायचं, खाली यायचं, पऱ्हाटीला पोट घासेल इतकं खाली. तारेशी आलं की उचलायचं आणि कौतिकाच्या डोक्यावरून निघून जायचं. ते गेलं की तिने बांधावरून बारा पावलं सरकायचं, पुन्हा बांबू रोवायचा, पुन्हा उभं राहायचं. तोंडावर पदर, पदरावर औषधाचं धुकं, आणि कणा ताठ. चार हंगाम तिने हे केलं. तिच्या बारा पावलांची कधी अकरा झाली नाहीत, तेरा झाली नाहीत. याचा तिला गर्व होता, आणि असायलाच हवा होता.

विमान चालवणारे कॅप्टन शिवदे कोल्हापूरकडचे. भरघोस मिशांचे, गडगडाटी हसण्याचे. दर चार-आठ दिवसांनी नवं गाव, नव्या तारा. कासारखेडला आले त्या दिवशी ते तिच्याबरोबर शेत पायी फिरले आणि तारेखाली थांबून त्यांनी वर पाहिलं.

"कौतिकाबाई, ही तार मला वरून दिसतच नाही बघा. हे कोतवाल बसलेत म्हणून कळतं. यांना उठू देऊ नका हां."

"त्यायले कोन उठवते, सायेब? त्यायचं घरच हाय ते."

दोघं मनापासून हसली. पक्ष्यांच्या भरवशावर विमान उडालं, आणि दोन दिवस झकास उडालं. चूक झाली ती इथेच, या हसण्यात झाली, आणि दोघांची मिळून झाली.

तिसऱ्या दिवशीची ही पावसाने धुतलेली सकाळ. विमान पश्चिमेच्या टोकाला वळत होतं. आता ते उन्हाकडे तोंड करून येणार होतं. कौतिकाने सहज वर पाहिलं, आणि तार रिकामी होती.

एकही कोतवाल नव्हता. दोन दिवसांच्या औषधाने रानातले किडे मेले होते. जिथे घास उरला नाही तिथे पक्षी कशाला बसतील? आकाश कोरं होतं, निळं होतं, निष्पाप होतं. त्या निष्पाप निळाईत तीन तारा दडून बसल्या होत्या आणि विमानाने नाक त्यांच्याकडे वळवलं होतं.

कौतिका धावली. बांध सोडून धावली, जागा सोडून धावली. चिखल तुडवत, पऱ्हाटी छातीवर झेलत, सरळ विमानाच्या दिशेने धावली. तारेखाली येऊन तिने पाय जुळवले, बांबू उंच धरला आणि पांढरं फडकं जिवाच्या आकांताने हलवलं. विमान समोरून येत होतं. वाढत होतं, गर्जत होतं, आभाळ व्यापत होतं. ती हलली नाही.

शिवदेंना झेंडा नको तिथे दिसला. त्यांनी विमान वर खेचलं. एका श्वासाचा उशीर झाला. चाकं तारांत गुंतली, निळा लखलखाट झाला, तुटलेली तार फुत्कारत कौतिकापासून दहा हातांवर चिखलात पडली आणि ते पिवळं विमान पलीकडच्या पऱ्हाटीत कोसळलं. शिवदेंची मांडी मोडली, डोक्याला मार लागला. पण विमान वर खेचलं होतं म्हणून जीव वाचला.

दवाखान्यात त्यांना काही आठवेना. "पांढरं काहीतरी दिसलं," एवढंच म्हणायचे. सगळं आठवत होतं ते फवारणीच्या सुपरवायझरला, गुल्हान्यांना. ते त्या वेळी रस्त्याकडेला चहा पीत होते, आणि बशीवरून त्यांना इतकंच दिसलं होतं की बांधावर झेंडा नाही. त्यांना तेवढं पुरलं. त्यांनी लिहून टाकलं: झेंडेवाली घाबरून जागा सोडून पळाली. माणसाला बशीतून किती दूरचं दिसतं, याचं खरंच नवल वाटतं.

"चूक झाली म्हन कौतिकाबाई, अन् लाव अंगठा," ते समजुतीने म्हणाले. "घाबरलं मानूस पळतेच. कोनी तुले फाशी देत नाही."

"मी पळाली नाही."

"मंग झेंडा बांधावर काऊन नव्हता?"

"तारेखाली होता."

"कोनं पाह्यलं?"

कोणीच नाही. ज्याने पाहिलं होतं त्याला आठवत नव्हतं. गुल्हान्यांनी तिच्या हातातला बांबू काढून घेतला. ते तिने एक वेळ सोसलं असतं. पण ‘पळाली’ हा शब्द? तो तिच्या चार हंगामांवर, तिच्या बारा-बारा पावलांवर, तिच्या नावावर जन्मभर बसून राहणार होता. तो तिला नको होता. काही झालं तरी नको होता.

ती तशीच शेतात गेली, आणि काळ्या मातीने तिला उत्तर दिलं. ही माती ओली असताना पाय धरते आणि ऊन लागलं की दगड होते. बांधापासून तारेपर्यंत, पऱ्हाटीच्या दोन ओळींमधून, तिची पावलं उमटली होती. तिने मोजली. एक्केचाळीस भरली.

पण आता विमान ओढून न्यायला माणसं येणार होती, बैल येणार होते, तार जोडणारे येणार होते. कौतिका घरोघर फिरली. टोपल्या मागितल्या, घमेली मागितली, पराती मागितल्या, एक फुटकं सूपही घेतलं. एकेका पावलावर एकेक पालथं घातलं. हिरव्या पऱ्हाटीतून पालथ्या टोपल्यांची ती लांबलचक, वेडीवाकडी, हट्टी ओळ तारेपर्यंत गेली, आणि तिच्या टोकाला कौतिका भाकरीचं फडकं घेऊन बसली.

गाव हसलं. गावाला हसायला किती लागतं?

"कोंबड्या डालल्या काय व कौतिके?" बांधावरून बायांनी विचारलं.

"खरं डाललं हाय," ती म्हणाली. "मोकळं सोडलं त तुडवतीन."

आश्विनाचं ऊन तापलं, माती तडकली, बोंडं उकलली. बैल आले, ती आडवी झाली. तार जोडणारे आले. तिने त्यांना लांबून, पलीकडून यायला लावलं. एकदा ढग दाटून आले तेव्हा तिने आभाळाकडे असं पाहिलं की आभाळानेच विचार बदलला असावा. गुल्हाने दोनदा समजावून गेले आणि एकदा ओरडून गेले. सहाव्या दिवशी, हसणाऱ्या बायांपैकीच एकीने तिच्याजवळ पाण्याचा तांब्या ठेवला आणि सुपाच्या फुटक्या बाजूवर आपली धड टोपली घातली.

नवव्या दिवशी चौकशीचे साहेब आले. मागे गुल्हाने, त्यांच्या मागे सारं गाव. कौतिका उठली, लुगड्याची माती झटकली.

"हे पाहा जी." तिने पहिली टोपली उचलली.

खाली एक पाऊल होतं. चवडा खोल, टाच उथळ, धावत्या बाईचं. बोटं तारेकडे. दुसरी टोपली उचलली, बोटं तारेकडे. तिसरी, चौथी, दहावी, तिसावी. सूर्य डोक्यावर आला होता आणि टोपल्या उचलल्या जात होत्या. साहेब आधी उभ्याने पाहत होते, मग वाकले, मग त्यांनी टोपी काढली. गुल्हान्यांना अचानक पलीकडच्या शेतात काहीतरी महत्त्वाचं दिसू लागलं होतं.

शेवटची परात तिने जरा सावकाश उचलली. तिथे दोन पावलं होती, शेजारी-शेजारी, टाचांपर्यंत रुतलेली. बरोबर तारेखाली. तोंड पश्चिमेला, जिकडून विमान आलं तिकडे.

साहेब त्या दोन पावलांशी उकिडवे बसले. मग हळूच म्हणाले, "इथे उभ्या राहिलात? विमान समोरून येत असताना?"

"तार दिसत नव्हती जी," कौतिका म्हणाली. "म्हनून मी दिसली."

मग ती गुल्हान्यांकडे वळली. नऊ दिवस साचलेला राग तिच्या आवाजात होता आणि तो तिने लपवला नाही. "पळनारा तारेपासून दूर जाते. माह्ये पाय कुठं चालले, ते वाच आता. वाचता येते ना तुले?"

गुल्हान्यांनी लिहिलेला कागद साहेबांनी तिथेच, तिच्यासमोर फाडला. बांबू मात्र कोणी तिच्या हातात दिला नाही. तो गुल्हान्यांच्या जीपमध्ये होता, आणि तिने स्वतः जाऊन काढून घेतला.

पुढल्या वर्षी नांगराने ती पावलं पुसली. पुसू देत. शिवदे लंगडत आले, मोठ्याने हसत आले. विमानात चढण्याआधी त्यांनी एकच विचारलं, झेंडा कोणाच्या हातात आहे. उत्तर ऐकून ते विमानात चढले.

आणि कौतिका? ती बांधावर गेली नाही. बांधावर आता दुसरी बाई उभी होती, ती हसणारी, तांब्या ठेवणारी; बारा पावलं मोजायला कौतिकानेच तिला शिकवलं होतं. कौतिका चालत गेली पऱ्हाटीतून, एक्केचाळीस पावलं तोंडपाठ असलेली, आणि तारेखाली थांबली. पाय जुळवले. बांबू उंच धरला. पिवळं विमान पश्चिमेला वळलं, उन्हाकडे वळलं, तिच्याकडे वळलं. आलं, वाढलं, गर्जलं, आणि तिला पाहून उचललं, तिच्यावरून, तारांवरून, सुखरूप निघून गेलं. पदरावर धुकं उतरलं. तारेवर एकही पक्षी नव्हता. तार दिसत नव्हती. कौतिका दिसत होती.