तात्पुरती सोय

“सर, हे हाडांचे डॉक्टर केव्हाच सोडून गेलेत ना? आपल्या साइटवर अजून बसलेत!”

नुकत्याच रुजू झालेल्या ताईने स्क्रीनवर बोट ठेवलं, तसे वैद्यबुवा हसले. या हॉस्पिटलात खरे डॉक्टर पुष्कळ होते, पण वैद्यबुवा म्हणत ते कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या या एकट्या माणसाला. कुठलंही मशीन आजारी पडलं की नाडी बघायला तेच. आज त्यांचा इथला शेवटचा दिवस होता आणि उद्यापासून सगळा कारभार ताईकडे जायचा होता.

“कॅशमधून येतंय ते. जाता जाता साफ करून देतो.”

कॅश म्हणजे शिजवून झाकून ठेवलेलं अन्न. दर वेळी चूल पेटवायला नको म्हणून सर्व्हर तयार माहिती बाजूला ठेवतो आणि मागेल त्याला तीच वाढतो. एरवी बुवा शिळं झालेलं तेवढंच काढून टाकत. आज म्हटलं, ताईच्या हाती स्वच्छ घर द्यावं. सगळंच पातेलं घासून टाकलं.

मन थाऱ्यावर नव्हतंच. बायको दुसऱ्या गावी शाळेत शिक्षिका. लेक पाळण्यात असताना बुवा इथे ‘तात्पुरते’ आले होते. लेक आता दहावीला होती. इतक्या वर्षांनी त्याच गावातल्या कॉलेजात जागा मिळाली होती. उद्या सकाळी रुजू व्हायचं, नाहीतर ती पुढच्या उमेदवाराला जाणार. संध्याकाळची गाडी होती. सगळ्यांनी मिळून दिलेली नवी बॅग टेबलाखाली वाट बघत होती.

फोन वाजला. मग दुसरा. मग सगळेच.

“बुवा, काहीच उघडत नाहीये! नुसतं ‘त्रुटी’ म्हणतंय!”

बुवांनी सर्व्हरची नोंद उघडली आणि कपाळावर हात मारला. सफाई त्यांनी सर्व्हरच्या मालकाच्या, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्यातून केली होती, त्यामुळे कॅशचा नवा फोल्डरही मालकाच्याच नावावर झाला होता. पानं दाखवणारा वेब सर्व्हर पडला नोकर. त्याला आत पाऊल टाकायची परवानगीच नव्हती.

“घर झाडलं आणि किल्ली खिशात घालून बसलो,” ते पुटपुटले. फोल्डर त्यांनी वेब सर्व्हरच्या नावावर करून दिला. पानं परत आली.

“एवढंच होतं?” ताईने विचारलं.

“एवढंच. निघायच्या घाईत होतं असं.” त्यांनी बॅग पुढे ओढली.

तेवढ्यात चौकशीच्या खिडकीवरच्या मावशी स्वतःच धापा टाकत आल्या. “बुवा, पेशंटचं नाव येतंय, पण वॉर्ड कोरा! बाहेर ही गर्दी झालीय. काय सांगू मी लोकांना?”

आता मात्र बुवांनी बॅग परत टेबलाखाली सरकवली. कॉम्प्युटरमधला कुठला कोड म्हणजे कुठला मजला, कुठली खाट, ही माहिती जुन्या इमारतीतल्या एका मशीनवरून येत असे. ते मशीन मरायला टेकलं तेव्हा बुवांनी ती कॅशमध्ये कायमची ठेवून दिली होती. तात्पुरती सोय म्हणून. पुढे मशीन भंगारात गेलं. चूल केव्हाच मोडली होती, सगळे पातेल्यातलंच खात होते, आणि ते पातेलं आज बुवांनी स्वतःच्या हाताने घासलं होतं.

“मी भरते ना, सर,” ताई म्हणाली. “वॉर्डावॉर्डात जाऊन विचारते. तुम्ही निघा, गाडी चुकेल.”

तिने नेटाने काम सुरू केलं. पण खाटांवरचे आकडे वेगळे आणि आतले कोड वेगळे. ते फक्त बुवांच्या डोक्यात होते आणि तेही खाट डोळ्यांसमोर असली तरच आठवत. बुवा बॅग घेऊन जिना उतरू लागले, तेव्हा वरच्या वॉर्डाच्या दारातून त्यांना आत एक आजोबा दिसले. ताईने भरलेल्या माहितीवरून खिडकीवर सांगितलेल्या खाटेशी ते पोचले होते. खाट रिकामी होती आणि चादर नुकतीच बदललेली.

“गेली का हो ती?” त्यांनी बुवांनाच विचारलं. “मला कुणी सांगितलं पण नाही.”

“नाही, नाही आजोबा! चुकीची खाट सांगितली तुम्हाला. चला माझ्याबरोबर.”

आजी खालच्या मजल्यावर सुखरूप झोपल्या होत्या. आजोबा आजींचा पाय धरून बसले, काही केल्या सोडेनात. बुवा तिथेच उभे राहिले. गाडीची वेळ त्यांना कळत होती, पण पाय उचलत नव्हता.

हॉस्पिटलच्या साहेबांनी बुवांना बोलावलं आणि त्यांचं नोकरीतून सुटकेचं पत्र पुन्हा खणात ठेवलं. “तुमच्याशिवाय चालत नाही हो इथे. तात्पुरतं थांबा.”

कौतुकच ते. मानेवर जू ठेवताना बैलालाही थोपटतातच. बुवांना ओरडावंसं वाटलं, पण ओरडणार कोणावर? त्यांनी घरी फोन लावला.

“अगं, इथे जरा अडचण झालीय...”

पलीकडून बायको म्हणाली, “पोरीने तुमचं टेबल खिडकीपाशी लावलंय. काढायला सांगू?”

“कॉलेजला विचारून बघतो, दोन दिवस थांबतात का.”

“थांबणार नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे, अहो. टेबलाचं तेवढं सांगा.”

“राहू दे.” मग तसं म्हणायचा त्यांनाच धीर राहिला नाही. “नाहीतर... तिला अभ्यासाला होईल ते.”

शेवटच्या वॉर्डाचे कोड भरून झाले तेव्हा कॉलेजातली जागा दुसऱ्याने घेतली होती. पान व्यवस्थित चालत होतं आणि बाहेर कोणाला काही झाल्याचं आठवतही नव्हतं. ताई कपाटातल्या जादा वायरी आवरत होती.

“सर, या कुठे ठेवू? जागाच नाहीये.”

बुवांनी टेबलाखालची नवी बॅग ओढली. आतले कपडे काढून खुर्चीवर ठेवले, आणि चेन उघडी धरून म्हणाले, “टाक यात. तात्पुरत्या.”