तोसलीच्या शिळेवर नसलेल्या ओळी

आमच्या तोसलीत राजाचे लेख कोरले ते गोधिकाने. राजा म्हणजे तोच, ज्याच्या फौजेने आमचा कलिंग जाळला आणि जो आता बुद्धाला शरण गेलाय म्हणतात. त्या लढाईत गोधिकाचा मुलगा इसिदत्त बंदी करून नेला. पुढे काहीच कळलं नाही.

लेख कोरत होता तोवर बायको, नागिला, त्याच्याशी धड बोलली नाही. भात वाढताना एवढंच म्हणायची, "पोर नेलं त्यांचीच अक्षरं गिरवा."

यंदा सुतनु कापडवाला पश्चिमेकडून, गिरिनगरहून परतला. म्हणाला, "गोधिकादादा, तिकडच्या शिळेवर आपल्या कलिंगाचं आहे. लाख मारले, दीड लाख नेले, राजाला पस्तावा झालाय. इथेही तुम्हीच कोरलं असेल."

"नाही कोरलं."

"विसरला असाल."

"अक्षर न् अक्षर ध्यानात आहे माझ्या."

तेव्हापासून गोधिकाला चैन पडेना. रोज टेकडी चढायचा, शिळेवरून बोटं फिरवून उतरायचा. जेवण टाकलं, तेव्हा नागिलाने खोदून खोदून विचारलं आणि त्याला सांगावं लागलं.

तिष्य नक्षत्राच्या दिवशी टेकडीवर गावाला जमवून लेख वाचून दाखवतात. मगधाचा तरुण अधिकारी वाचत होता, "सगळी माणसं माझी लेकरं." नागिला उठली.

"बाबा, माझं लेकरू नेलं, त्याचं वाच."

"ते इथे नाही, आई."

"गिरिनगरला आहे."

त्याने मान खाली घातली. "आहे. इथे कोरू नका, असा हुकूम होता. तुमच्या जखमेवरची खपली निघू नये म्हणून."

"जखम आमची, आणि मलम गिरिनगरला?"

मागे कुणीतरी हसलं.

"नेलेले कुठे ठेवलेत, ते तरी लिहिलंय?"

"नाही," अधिकारी म्हणाला. मग स्वतःहून सांगितलं, "बरेचसे गंगेकाठी नेले. रान तोडून शेती करायला."

घरी येऊन गोधिका छिन्न्या बांधू लागला.

"ती शिळा बघायला निघालात?" नागिलाने विचारलं.

"शिळा कशाला? गंगेकाठी जातो. गावोगाव विचारत."

तिने आपलंही कांबळं काढलं. "तुम्हाला विचारता कुठे येतं? दोन शब्द बोललात की गप्प."

ती दोघं गेल्याला आता चार महिने झाले. मागोमाग आणखी सात घरं त्याच वाटेने गेली. त्या लढाईपासून माझ्या भावाचाही पत्ता नाही. मी अजून इथेच आहे, पण घरात पाय ठरत नाही.