शिव्या गिळणारे बटण

मी एक जुने लाल बटण आहे, आणि ज्या बाईने आग विझवायच्या नळकांड्याने माझे तुकडे केले, तिच्याबद्दल माझी काहीएक तक्रार नाही.

मित्रांनो, वरचे वाक्य मी गिळले आहे. ते तुम्ही वाचलेले नाही. तसे काही घडलेलेही नाही. मी एक जुने लाल बटण आहे, अखंड आहे, सुखरूप आहे, आणि आता माझी गोष्ट नीट सुरुवातीपासून सांगते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. आम्ही भावंडे पुष्कळ. बरीचशी लिफ्टमध्ये लागली आणि आयुष्यभर माणसांना वरखाली नेत राहिली. एक भाऊ पत्रे कापायच्या यंत्रावर गेला. यंत्र तातडीने थांबवायचे असेल तेव्हा त्याला दाबायचे, असे ठरले होते. तो उभ्या जन्मात एकदाच दाबला गेला, आणि तेही जरा उशिरा. मला मात्र रेडिओ केंद्रात नोकरी मिळाली. घरात सगळ्यांना वाटले, मी सुटले. मलाही तसेच वाटले.

माझे काम समजून घ्या. रेडिओवर फोन करून बोलणाऱ्या माणसाचा आवाज थेट तुमच्या घरी येत नाही. तो आधी माझ्या लोखंडी पेटीत सात सेकंद थांबतो आणि मग बाहेर पडतो. तेवढ्यात कोणी अभद्र बोलले, तर ऑपरेटरने मला दाबायचे. मग पेटीत जे काही साठले असेल ते मी एका घोटात गिळते. श्रोत्यांना वाटते, कार्यक्रमाला ठसका लागला.

पण एक अडचण आहे. एकदा गिळले, की पेटी रिकामी होते. ती थेंबाथेंबाने पुन्हा भरते, त्याला चांगली काही मिनिटे लागतात, आणि तोवर फोनवरचा प्रत्येक शब्द तडक शहरभर जातो. तेवढा वेळ मी नुसते शोभेचे.

माझ्या वाट्याला जो कार्यक्रम आला त्याचे नाव होते 'शिट्टीनंतर'. रोज संध्याकाळी फुटबॉलवर गप्पा. सूत्रसंचालकाला सगळे भोंगा म्हणत, कारण तो कुजबुजला तरी रस्त्यावरची कुत्री उठत. चेंडूबद्दल तिथे फार बोलणे होत नसे. बोलणे मुख्यतः हाडांबद्दल होई. कोणाची मोडायची, कुठून आणि कशाने.

हा सगळा राग एका माणसावर होता. फार वर्षांपूर्वी अंतिम सामन्यात आपल्या संघाचा एक चेंडू गोलरेषेवर पडला. आत की बाहेर, यावर शहराचे एकमत होते. पंचाचे नव्हते. तो म्हणाला, गोल नाही. मग लोकांनी खुर्च्या उपटल्या, तिकीटघर जाळले आणि एक अख्खा गोलपोस्ट नेऊन कालव्यात फेकला. गोलपोस्टचा काहीच दोष नव्हता. पंचाचे नाक फुटले, बरगड्या मोडल्या, आणि दवाखान्यातून तो जो गेला तो कुठे राहायला गेला हे कोणालाच कळले नाही. त्या सामन्यातले खेळाडू निवृत्त झाले, त्यांची पोटे सुटली, पण फोन करणाऱ्यांचा राग ताजाच राहिला.

आमच्या नेहमीच्या फोनवाल्यांत एक खाटीक होता. स्वभावाने इतका गरीब की फोन लागला की आधी भोंग्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करी.

"मी कधी कुणाला रागावून बोलत नाही, भोंगाभाऊ," तो म्हणे. "फक्त त्या पंचाची मांडी तेवढी वेगळी करायची. गुडघ्यापासून, व्यवस्थित. ओबडधोबड काम मला आवडत नाही."

फोनवर बोलताना घरचा रेडिओ बंद ठेवा, असे भोंगा सगळ्यांना बजावी. खाटीक एकदा विसरला. तो फोनवर ओरडला, "समोर ये, तंगडं तोडतो!" आणि सात सेकंदांनी त्याच्याच रेडिओतून कोणीतरी त्याला म्हणाले, "समोर ये, तंगडं तोडतो!"

"कोण रे तू?" खाटीक भडकला. "हिंमत असेल तर दुकानात ये!" थोड्या वेळाने त्या इसमानेही त्याला दुकानात बोलावले. प्रकरण पेटत गेले. शेवटी सुरा घातल्याचा आवाज आला आणि तो इसम कायमचा गप्प झाला. खाटकाने दुसऱ्या दिवशी नवा रेडिओ घेतला आणि आपण एकाला गार केले असे बरेच दिवस मानत राहिला.

दुसरी होती दातांची डॉक्टर. ती काम करता करता फोन लावी. मागे यंत्र घुर्र करत असे आणि कोणीतरी "आँ, आँ" करत असे.

"दादा, मी त्या पंचाचा एकेक दात उपटणार. भूल न देता."

"डॉक्टरबाई, समोर पेशंट आहे ना?"

"आहे की. तोंड उघडं आहे त्यांचं. तेही सहमत आहेत."

माझा पहिला ऑपरेटर मला चपलेने मारायचा. त्यात राग नव्हता, आळस होता. त्याला खुर्चीतून वाकायचे नसे. तो गेला आणि ताई आली. केंद्रातले लोक तिला बटणबाई म्हणत.

ताई साध्या शिव्यांना एका बोटाने मला दाबी. पण पंचाचा विषय निघाला की तिची मूठ वळे. कोणी म्हणाले, "त्याला एकदा भेटायला हवं," की धाड! कोणी म्हणाले, "तो राहतो तरी कुठं?" की धाड! माझ्यावरचे काचेचे झाकण पहिल्याच महिन्यात फुटले. त्यानंतर कपातले उरलेसुरले थेट माझ्यावर सांडू लागले आणि मी कायमचे चिकट झाले. कोणी पुसले नाही.

"बटणबाई," भोंगा काचेपलीकडून ओरडे, "त्यात शिवी कुठं होती?"

"होती. तुम्हाला ऐकू आली नसेल."

मला वाटे, हिचे माझ्याशी काहीतरी वैर असावे. पण एकदा जाहिराती चालू असताना तिने आपल्या मोबाइलवरून फोन लावला आणि हळूच म्हणाली, "बाबा, गॅलरीत उभे राहू नका म्हटलं ना. पडदा ओढा. आणि तो रेडिओ बंद करा हो."

"तू तिथं आहेस म्हणून तर लावतो," पलीकडून म्हातारा आवाज आला. त्याचा श्वास नाकातून शिट्टीसारखा वाजत होता, वाकड्या नाकातून वाजावा तसा. "आज फार अडखळला गं तुमचा कार्यक्रम. बरंच बोलले वाटतं मला?"

"छे. मशीन जुनं झालंय."

तेव्हा मला सगळे कळले. केंद्रात दुसऱ्या कोणालाच कळले नाही. ताईने ही नोकरी पगारासाठी धरली नव्हती. शहर तिच्या बापाला जे जे करायचे म्हणत होते, ते बापाच्या कानावर आणि बापाचा ठावठिकाणा शहराच्या कानावर जाऊ नये, म्हणून ती तिथे बसली होती. मधे फक्त मी होते. मित्रांनो, त्या दिवसापासून मला ठोसे लागेनासे झाले. म्हणजे लागत होतेच, चांगले सणसणीत लागत होते. पण मी मनावर घेत नव्हते.

याच काळात परवाना देणाऱ्या कार्यालयाचे आम्हाला प्रशस्तिपत्र आले. 'आपल्या केंद्रावरील अभद्र भाषेचे प्रमाण समाधानकारक आहे.' ते चौकटीत बसवून भिंतीवर लावले. हारतुरे भोंग्याला मिळाले. ताईच्या हाताला मात्र पट्टी आली.

"हाताला काय झालं?" बाबांनी फोनवर विचारले. म्हणजे घरीही विचारून झाले असणार.

"पोळलं म्हटलं ना."

"पोळल्यावर अशी सूज येत नाही. चेंडू अडवून मोडलेले हात मी जन्मभर पाहिलेत."

"बाबा, जाहिराती संपल्या. ठेवते."

मग तो दिवस उजाडला. दुपारी आपला संघ पुन्हा अंतिम सामन्यात हरला. यात त्या पंचाचा काहीही संबंध नव्हता, तो घरी पडदा ओढून बसला होता. तरी संध्याकाळी सगळे फोन त्याच्याच नावाने आले. हे सगळे तेव्हापासून सुरू झाले, असे लोकांचे म्हणणे होते.

आधी डॉक्टरबाई लागल्या. त्यांनी एक शिवी दिली. मी पुष्कळ शिव्या गिळल्या आहेत, पण इतकी सविस्तर कधी नाही. तिला प्रस्तावना होती, चार भाग होते आणि शेवटी उपसंहार होता. ताईने नियमाप्रमाणे मला दाबले. मी गिळले. पेटी रिकामी झाली.

"पुढचा फोन!" भोंगा गरजला. "कोण बोलतंय?"

"पंच बोलतोय."

"कुठला पंच?"

"तोच. नाक अजून वाकडं आहे. दाखवायला येऊ?"

ताईचा चेहरा चुन्यासारखा झाला. भोंग्याचा मात्र उजळला. "पंचसाहेब! अहो, इतकी वर्षं होतात कुठं?"

"लपलो होतो. आता कंटाळा आला. माझ्या वाटणीचा मार रोज दुसरंच कुणी खातंय. तिच्या हाताची पट्टी रोज जाडी होतेय. बास झालं. ज्याला माझी तंगडी हवी, दात हवेत, त्यानं घरी यावं. दार उघडं ठेवलंय. माझ्या हातात हॉकी स्टिक आहे. पहिल्या दोघांना तरी मी नक्की घेऊन जाईन. पत्ता लिहून घ्या."

ताई माइकवर किंचाळली, "फोन तोडा! पेटी रिकामी आहे! भोंगासाहेब, फोन तोडा!"

फोन तोडायची कळ भोंग्याच्या टेबलावर होती, काचेपलीकडे. ताईचा आवाज ज्यातून येत होता तो कानावरचा हेडफोन भोंग्याने काढून ठेवला आणि त्या कळीवर आपला रुंद पंजा पालथा घातला. तिच्यापर्यंत आता कोणी पोचणार नव्हते. "सांगा साहेब. अख्खं शहर ऐकतंय."

"चौथा मजला," बाबा म्हणाले.

ताईने मला दाबले. पुन्हा दाबले. पट्टीतून रक्त येईपर्यंत ठोकले. मित्रांनो, मी जीव खाऊन गिळत होते, पण माझ्या पोटात काही आलेच नव्हते. चौथा मजला माझ्या डोळ्यांदेखत शहरात निघून गेला.

पेटीची तार भिंतीच्या आतून गेलेली होती. ती उपटता येण्यासारखी नव्हती. ताईने भिंतीवरचे लाल नळकांडे उचलले. पहिला फटका चुकला आणि प्रशस्तिपत्राच्या ठिकऱ्या झाल्या. दुसरा चुकला नाही. माझी टोपी उडून छताला लागली. तिसऱ्या फटक्याने पेटी मधोमध दबली, चौथ्याने फाटली, आतल्या तारा आतड्यांसारख्या बाहेर आल्या. तरी ती मारतच होती. नळकांडेही फुटले आणि खोलीभर पांढरा फेस झाला. सगळ्या शहरातले सगळे रेडिओ एकदम मुके झाले.

भोंग्याच्या टेबलावरच्या स्पीकरमधून बाबा अजून बोलत होते. इमारतीचे नाव, गल्ली, कोपऱ्यावरचे शिलाईचे दुकान. "लिफ्ट बंद आहे, जिन्यानं या," असेही त्यांनी आवर्जून सांगितले.

ताई नळकांडे ओढत काचेच्या आत गेली. फेसाने माखलेली होती, हातातून रक्त ठिबकत होते.

"बटणबाई," भोंगा पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाला, "आपण शांतपणे—"

"पत्ता ऐकलात?"

"नाही."

"काय ऐकलंत?"

"चौथा मजला."

"ते सगळ्यांनी ऐकलं. त्यापुढे?"

भोंग्याने नळकांड्याकडे पाहिले. "त्यापुढे माझा कान दुखत होता."

ताईने माइक ओढला. "बाबा, दार लावा."

"कोण? तू?" नाकातली शिट्टी वाजली. "अगं, रेडिओ मधेच बंद पडला."

"मीच पाडला."

"मग माझं ऐकलं कुणी?"

"मी ऐकलं. झालं ना आता?"

पलीकडे हॉकी स्टिक खट्ट करून जमिनीला टेकली. मग बाबा म्हणाले, "तो गोल नव्हता गं."

"माहीत आहे, बाबा. दार लावा."

दार लागल्याचा आवाज आला. कडीचाही आला.

त्या संध्याकाळी शहरात जो कोणी चौथ्या मजल्यावर राहत होता, त्याला थोडा त्रास झाला. एका शिकवणीच्या मास्तरांच्या दोन बरगड्या गेल्या. एक नवरदेव गॅलरीतून तिसऱ्या मजल्यावर उतरला, थेट. काही जण तीनमजली इमारतीत गेले आणि गच्चीवर चौथ्या मजल्याची वाट पाहत बसले. डॉक्टरबाई स्वतःच चौथ्या मजल्यावर राहत. त्या दारात चिमटा घेऊन उभ्या राहिल्या आणि जिना चढून आलेल्या पहिल्या माणसाच्या थोबाडीत त्यांनी भडकावली. तो खाटीक होता. "आईच्या गुडघ्यांची शपथ, मी रागावून नाही आलो," असे तो म्हणाला तेव्हा त्यांनी त्याला आवाजावरून ओळखले. तोपर्यंत दात पडला होता. तो त्यांनी तिथेच पायरीवर बसवून परत लावला. बाबांच्या इमारतीतही चौघे जण शिरले होते. पण लिफ्ट खरोखरच बंद होती. दुसऱ्या मजल्यावर त्यांना धाप लागली, आणि या वयात हे झेपत नाही असे म्हणत ते परत गेले.

आता मी एका प्लास्टिकच्या पिशवीत आहे. पिशवीवर 'पुरावा, चौकशी समिती' असे लिहिले आहे. ताई घरी बसली आहे, कामावरून काढल्याचा कागद तिच्याकडे पोचला आहे. हाताची सूज उतरली, असे झाडणारीने तिच्याकडून ऐकले आणि पिशवीपाशी कोणाला तरी सांगितले, म्हणून मला कळले.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला सांगतात की आम्हाला जपा, पुसा, हळू वापरा. त्यांचे त्यांना लखलाभ. मी सांगते, आपले माणूस वाचत असेल तर वस्तूकडे बघू नका. हाणा. आम्ही त्यासाठीच असतो. पुसायचे मात्र आधी, जमल्यास.

सबब, माननीय चौकशी समितीस नम्र विनंती करण्यात येते की, अहवालातील 'केंद्राच्या मालमत्तेची हेतुपुरस्सर मोडतोड' हे शब्द वगळून त्या जागी 'उपकरणाचा विहित कामासाठी वापर' असे शब्द घालण्यात यावेत. संबंधित महिला कर्मचारी यांना पूर्वीच्याच जागी, पूर्वीच्याच मुठीसह, रुजू करून घ्यावे. आणि आदेशाची एक प्रत उपरोक्त पिशवीत, माझ्या सर्व तुकड्यांना वाचता येईल अशा बेताने ठेवण्यात यावी. कळावे.