सुमनबाईंना न पेलणारी कढई

मी एक जुनी लोखंडी कढई आहे. रंग काळा, कान दोन, वजन भरपूर. मित्रांनो, जामखेडच्या बाजारात एका लोहाराकडून सुमनबाईंनी मला घेतलं, तेव्हा त्यांनी मला एका हातात सहज धरून दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाजवून पाहिलं होतं.

त्या घरात मी सहा माणसांची भाजी शिजवली. शेपू, तांदुळजा, गवार, वांगी. सुमनबाईंचे यजमान रंभाजी म्हणायचे, "ह्या कढईतली भाजी लई ग्वाड लागती." कौतुक सुमनबाईंच्या हाताचं होतं, पण मी ते माझ्याकडे ओढून घ्यायची. खोटं कशाला बोलू?

मग घर रिकामं झालं. मुली सासरी गेल्या, मुलगा पंकज चाकणला कंपनीत लागला, रंभाजी वारले. सुमनबाई एकट्या उरल्या आणि त्यांना संधिवात जडला. सकाळी बोटं आखडायची, मूठ वळायची नाही. शेजारच्या छबूबाईंनी मायेनं सांगितलं, "वांगं सोड, वातूळ असतं." पुढच्या आठवड्यात गवार सुटली. मग कुणी कोबी सोडायला सांगितला, कुणी मेथी. शेवटी ताटात भाकरी आणि चटणी एवढंच उरलं. मी खिळ्याला टांगलेली होते. मला गंज चढत गेला आणि त्या वाळत गेल्या. दिवसभर त्यांच्याशी बोलायला घरात कुणी नव्हतं, आणि मला तर तोंडच नाही.

एकदा दुपारी गावातली आशा सेविका ज्ञानेश्वरी आली. ताट पाहून तिनं विचारलं, "मावशी, भाज्या सोडायला डॉक्टरनी सांगितलं का?"

"न्हाई बाई. लोक म्हनत्यात."

"लोकांचं ऱ्हाऊ द्या. गोळ्या येळेवर घ्या, आन् भाज्या बी खा. भाजीनं दुखनं पळत न्हाई, पन अंगात ताकद नगं का?"

सुमनबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. मग हळूच म्हणाल्या, "खरं सांगू? ही कढई आता पेलंना मला. भरलेली उतरवताना हातातनं सुटंल म्हनून भ्या वाटतं. वातूळ म्हनलं की कुनी पुढं इचारत न्हाई."

मित्रांनो, त्या दिवशी मला कळलं. त्यांच्या आणि भाजीच्या आड मीच आले होते. मला फार वाईट वाटलं.

दोन दिवसांनी ज्ञानेश्वरीनं एक लहान, हलकं पातेलं आणून दिलं. मेथी, दोडका आता त्यातच शिजतो. फोडणीचा वास माझ्यापर्यंत येतो, हेवाही वाटतो. मला कुणी हात लावत नाही. फार एकटं वाटतं, पण सुमनबाई भाजी वाढून घेताना दिसल्या की माझी तक्रार उरत नाही.

माझं एकच मागणं आहे. तुमच्या घरात, शेजारात कुणाचे हात दुखत असतील, तर त्यांच्या ताटात आज काय आहे ते बघा. भाजी नसेल तर का नाही, हे त्यांना दोनदा विचारा. पहिल्यांदा ते खरं सांगणार नाहीत.