पारोसा दगड

दगडांच्या प्रदर्शनासाठी स्वतःच्या नावाची पाटी छापून विश्वासराव परदेशातल्या आपल्या सेम्बावांगच्या फ्लॅटवर परतले, तेव्हा त्यांचा जपानी दगड ओट्यावर परातीत, नुकतीच अंघोळ झाल्यासारखा चकचकीत बसला होता.

"हे काय केलंस?"

"घासला," सुचित्राबाई म्हणाल्या. "चिंच-मीठ लावून. उद्या चार लोक बघणार, हा पारोसाच जाणार का?"

हा इयो प्रांतातला निळा दगड. दिसायला तो हिरवा आहे. पण जपानी लोक त्याला निळाच म्हणतात, आणि चीफ इंजिनियर म्हणून विश्वासरावांनी याहून विचित्र कागदांवर सह्या केल्या होत्या. बावीस वर्षांपूर्वी त्यांचं जहाज इमाबारीच्या गोदीत दुरुस्तीला होतं, तेव्हा ओची नावाच्या म्हाताऱ्या मुकादमाने तो दिला होता. रोज पाणी घाला, हात फिरवा, घासू मात्र नका. वर्षानुवर्षं असं केलं की दगडावर एक मऊ, जुनी झाक चढते. शौकीन मंडळी ती झाकच बघायला येतात. ती आता सिंकमधून समुद्राच्या दिशेने निघाली होती.

विश्वासराव ओरडले नाहीत. बॉयलर फुटायच्या बेतात असतानाही ते ओरडत नसत, फक्त चष्मा पुसत. त्यांनी चष्मा दोनदा पुसला.

"चुकलं का हो माझं?"

"छे," ते म्हणाले. मग खरं बोलायची जुनी खोड उफाळून आली. "बरंच."

दुसऱ्या दिवशी टॅम्पिनीसच्या हॉलमध्ये दगडप्रेमी मंडळाचे अध्यक्ष मिस्टर लिम भिंग घेऊन वाकले आणि अंगावर पाल पडल्यासारखे सरळ झाले.

"कोणी केलं हे?"

"माझ्या बायकोने."

आजूबाजूला हशा पिकला. "अंकल, पुढच्या वेळी दगडाला कुलूप लावा, ला!" कोणीतरी तिथल्या ढबीत शेपूट जोडून म्हणालं. सुचित्राबाई पाणी मारायची फवाऱ्याची बाटली हातात धरून फरशीकडे बघत उभ्या होत्या.

"मागे घ्या," लिम म्हणाले. "नाहीतर पाटीवर 'खराब झालेला' असं लिहा. बावीस वर्षं तुम्ही जपलात, आणि यांनी एका सकाळी..."

विश्वासरावांना त्यातला 'तुम्ही' खटकला. बावीसपैकी सोळा वर्षं ते वर्षाचे नऊ महिने समुद्रावर होते. सुट्टीवर आले की दगडाकडे बघून म्हणत, "माझ्या दगडावर काय सुंदर झाक चढतेय!" पाणी कोण घालतंय, हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. इंजिनरूममध्ये तेल आपोआप येत नाही, एवढं ज्ञान असलेला माणूस तो.

"मिस्टर लिम, हा दगड ज्याने मला दिला, त्या ओचीने त्याच्या आजीची एक गोष्ट सांगितली होती. ऐका. एका नावाड्याने नदीतून असा दगड घरी आणला आणि तो दर्यावर गेला. मागे त्याची आई रोज दगडाला पाणी घालायची. नावाडी परत आला, दगड उचलायला गेला, तर दगड तसूभर हलेना. आईने एका हाताने उचलला. दगड आणणाऱ्याला ओळखत नाही, पाणी घालणाऱ्याला ओळखतो."

"गोष्ट छान आहे. पण नियम—"

विश्वासरावांनी खिशातून पेन काढलं. नव्याकोऱ्या पाटीवरचं स्वतःचं नाव खोडलं आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं: सुचित्रा विश्वास गोगटे.

"अहो, काय करताय?" सुचित्राबाई पुटपुटल्या. "लोक बघतायत."

"बघायलाच बोलावलंय त्यांना."

"पण यांनीच तर झाक घालवली!" लिम कळवळले.

"तिनेच चढवली होती, तिनेच उतरवली. तुमचं काय गेलं? पाटीवर 'खराब' लिहिणार नाही आणि मागेही घेणार नाही. नियमात बसत नसेल तर तुम्हीच उचलून बाहेर ठेवा."

दगड जेमतेम अकरा किलोचा. लिम निवृत्त ऑडिटर, भुताखेतांवर काडीचा विश्वास नसलेला माणूस. ते दगडाकडे बघत राहिले. सगळा हॉल त्यांच्या हातांकडे बघत होता. मग त्यांनी दोन्ही हात पॅंटच्या खिशात घातले, घड्याळ शोधत असल्यासारखे खिसे थोडे चाचपले आणि पुढच्या टेबलाकडे निघून गेले.

टेबलामागे प्रदर्शकासाठी एकच खुर्ची होती. विश्वासरावांनी ती रुमालाने झटकली. सुचित्राबाईंनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग हसणाऱ्या मंडळींकडे, आणि पदर सावरून ऐसपैस बसल्या.

विश्वासराव संध्याकाळपर्यंत शेजारी उभे होते. कोणी दगडाबद्दल विचारलं की सांगत, "मॅडमना विचारा. मी फक्त वाहतूक केली."